विंडोज ११ वर मराठी डीटीपी : यंत्र बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) थांबवला, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती आणि दिवाळी अंकांची शेवटची पाने हातावेगळी व्हायची होती. त्या दिवसांत यंत्राला हात लावायचा नाही असे ज्यांनी ठरवले, त्यांनी शहाणपणाच केला. घरगुती वापराच्या यंत्रांसाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळवण्याची सोय आहे. परंतु ती केवळ मुदतवाढ आहे, आणि हातातले काम कमी असलेला एखादा आठवडा पाहून विंडोज ११ वर यावे लागणारच आहे. हा बदल केल्यावर फोटोशॉप, कोरलड्रॉ किंवा इनडिझाइन हे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने तयार करण्याचे, प्रोग्रॅम उघडले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते, कारण प्रोग्रॅम उघडणे ही एक गोष्ट आहे आणि कालचेच पान आज अक्षरशः तसेच बाहेर पडणे ही दुसरी.

म्हणून सर्वांत आधी, जुने यंत्र नीट चालू असतानाच, एक साक्षीचे पान तयार करावे. त्यात आपण रोज वापरतो ते सर्व फॉन्ट, प्रत्येकाचा जाड आणि साधा नमुना, एक तक्ता, दोन रकान्यांचा थोडा मजकूर आणि मुद्दाम निवडलेले अवघड शब्द असावेत : तऱ्हा, दऱ्या, ऱ्हास, किंकर्तव्यमूढ, लक्ष्मी, श्लोक, कृत्रिम, उद्ध्वस्त, राष्ट्रीय. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द शेजारी-शेजारी ठेवावेत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'आचाऱ्यांना' मधला हा अर्धा ऱ दोन प्रकारे लिहिला जातो. त्यांतल्या एका प्रकारात मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असते आणि मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात चिकटवताना ते गळू शकते. मग लग्नाच्या हिशेबात आचाऱ्यांना दिलेली रक्कम आचार्यांच्या नावावर जाते, आणि शुद्धलेखन तपासनीसाला त्यात काहीच चुकीचे दिसत नाही. या पानाची, आणि नुकत्याच छापलेल्या एखाद्या खऱ्या पुस्तिकेची, पीडीएफ जुन्या यंत्रावरूनच काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवावी.

यानंतर यंत्राची पात्रता पाहावी. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे छोटे साधन ते काम करते : ६४ बिटचा मान्य यादीतला प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप), सिक्युअर बूटची (यंत्र सुरू होताना केवळ खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी) सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. यातली ४ जीबी रॅम ही विंडोजपुरती आहे. इनडिझाइन आणि फोटोशॉप एकदम उघडे ठेवणाऱ्याने १६ जीबीपेक्षा कमीत समाधान मानू नये. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम किंवा सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते पाहावे आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी; ती नसेल तर आपल्याच डिस्कसमोर आपण परके ठरतो.

जुन्या सॉफ्टवेअरबद्दल एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचा, म्हणजे फार जुन्या पिढीचा, प्रोग्रॅम चालत नाही. नव्वदीच्या दशकातल्या कित्येक सीडींवर मूळ प्रोग्रॅम ३२ बिटचा, पण तो बसवणारा सेटअप १६ बिटचा असतो. त्यामुळे जो प्रोग्रॅम कदाचित चालला असता तो बसतच नाही. म्हणून नव्याने बसवायचे सर्व जुने सेटअप आधी दुसऱ्या एखाद्या विंडोज ११ यंत्रावर चालवून पाहावेत. परवाना एका यंत्रापुरता असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, जुने यंत्र पुसण्यापूर्वी, डीअॅक्टिव्हेट करावे किंवा खात्यातून साइन आउट व्हावे. फोटोशॉपच्या अॅक्शन आणि ब्रश, कोरलचे वर्कस्पेस, इनडिझाइनच्या स्टाइल आणि शब्दकोशात घातलेले शब्द यांच्या फायली वेगळ्या काढून ठेवाव्यात.

आता फॉन्टकडे येऊ, कारण निम्म्याहून अधिक अडचणी इथेच उगवतात. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर 'इन्स्टॉल' म्हटले की तो सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये न जाता केवळ त्या वापरकर्त्याच्या खात्यात बसतो. नवे प्रोग्रॅम तो तिथून उचलतात. काही जुन्या प्रोग्रॅमना मात्र तो दिसतच नाही. माझ्याकडे एका पतसंस्थेच्या ६४ पानी अहवालात असेच झाले : इनडिझाइनमध्ये मजकूर व्यवस्थित होता, जुन्या कोरलमध्ये केलेले आलेख मात्र दुसऱ्याच फॉन्टमध्ये उमटले, आणि ते मला चौथ्या प्रुफात दिसले. तेव्हापासून सर्व फॉन्ट निवडून, उजवे बटण दाबून, आवश्यक तर 'शो मोअर ऑप्शन्स' उघडून, 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' एवढीच आज्ञा मी वापरतो.

दुसरी गोष्ट मंगलची. मंगल हा विंडोजचाच फॉन्ट आहे, म्हणून तो असणारच असे आपण गृहीत धरतो. परंतु विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक जोडणीत गेले आहेत, आणि मुळात केवळ निर्मला यूआय येतो. यंत्र कोरे करून विंडोज बसवली असेल तर सेटिंगमधल्या 'ऑप्शनल फीचर्स' मधून ही जोडणी उतरवून घ्यावी. पोस्टस्क्रिप्ट टाइप १ फॉन्ट, म्हणजे ज्यांच्या पीएफबी आणि पीएफएम अशा दोन फायली असतात ते, अडोबीने फोटोशॉपमध्ये २०२१ पासून आणि इनडिझाइन-इलस्ट्रेटरमध्ये २०२३ पासून बंद केले आहेत. हा दोष विंडोजचा नाही, पण नव्या विंडोजसोबत नवे इनडिझाइन घेतले की तो पहिल्यांदा जाणवतो.

तिसरी गोष्ट युनिकोडपूर्व फॉन्टची. या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात, आणि १२७ अपुरे पडतात म्हणून त्यांतले बरेच आकार १२८ ते २५५ या क्रमांकांवर जातात. कंट्रोल पॅनेलमधील 'रीजन', त्यातले 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह' आणि त्यातले 'चेंज सिस्टिम लोकेल' येथे यूटीएफ-८ ची बीटा खूण आहे. मराठी नीट दिसावे म्हणून कोणीतरी सद्हेतूने ती लावते आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये याच वरच्या क्रमांकांवरची अक्षरे चौकोन किंवा प्रश्नचिन्हे होतात. ती खूण काढून यंत्र पुन्हा सुरू केले की मजकूर जागेवर येतो. मात्र चौकोन दिसत असताना फाइल सेव्ह करू नये.

युनिकोड मजकुराच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते. नव्याने बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये जुन्या पसंती येत नाहीत, आणि मग 'कि' ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे न पडता उजवीकडे पडते. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ स्टाइलच्या 'जस्टिफिकेशन' भागात 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' (अक्षरे जोडून ओळी मांडणारी यंत्रणा) निवडावा. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करावे. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइप विभागातील टेक्स्ट इंजिन बदलावे. मजकुराची भाषा मराठी निवडावी, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

डोंगलवर, म्हणजे परवान्याची खूण म्हणून यंत्राला जोडायच्या छोट्या उपकरणावर, चालणारे मराठी सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या निर्मात्याकडून ६४ बिटचा, सही असलेला ड्रायव्हर आधीच मागून घ्यावा. विंडोज ११ मध्ये 'कोअर आयसोलेशन' खाली 'मेमरी इंटेग्रिटी' नावाचे संरक्षण आहे आणि ते जुन्या ड्रायव्हरला चालू देत नाही. डोंगलचा दिवा लागतो, पण सॉफ्टवेअर डोंगल सापडले नाही असे सांगते. संरक्षण बंद करून काम भागते, परंतु इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दाट (जास्त पिक्सेलच्या) पडद्यावर जुन्या प्रोग्रॅमची बटणे मुंगीएवढी दिसत असतील तर त्याच्या एक्सई फाइलच्या प्रॉपर्टीजमधील 'कंपॅटिबिलिटी' भागात 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' उघडून मोजमाप 'सिस्टिम' कडे सोपवावे. पडदा थोडा धूसर होईल, छपाईवर त्याचा परिणाम होत नाही. रंग तपासताना 'नाइट लाइट' (पडदा पिवळसर करणारी सोय) बंद असल्याची आणि पडद्याचे जुने रंग-प्रोफाइल पुन्हा निवडल्याची खात्री करावी.

पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरचा प्रश्न वेगळा आहे. त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ मधली. ती विंडोज ११ वर कंपॅटिबिलिटी मोड लावून उघडते असे अनुभव आहेत, परंतु ज्याच्या कपाटात वीस वर्षांचे पेजमेकरचे काम आहे त्याने त्यावर विसंबू नये. एका विंडोजच्या आत दुसरी विंडोज चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये परवान्याची जुनी विंडोज बसवावी, तिचे नेटवर्क तोडावे, डोंगल यूएसबीमार्गे आत द्यावे आणि फायलींची ने-आण सामाईक फोल्डरमधून करावी. याच कामाची हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची सोय होम आवृत्तीत नसते. पेजमेकरच्या ६.० ते ७ पर्यंतच्या फायली इनडिझाइन सीएस६ पर्यंतच थेट उघडतात, त्यानंतरच्या आवृत्त्यांत नाही. त्यामुळे सीएस६ असलेले एखादे यंत्र सुस्थितीत असेल तर ते मोडीत काढण्यापूर्वी सगळ्या फायली त्यातून उघडून घ्याव्यात. रूपांतरानंतरही मजकूर जुन्या फॉन्टच्याच क्रमांकांत राहतो, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

शेवटी साक्षीच्या पानाकडे वळावे. नव्या यंत्रावर त्याच फाइलची पीडीएफ काढून, दोन्ही पीडीएफ फोटोशॉपमध्ये एकाच रिझोल्यूशनने उघडाव्यात, एक दुसरीवर ठेवावी आणि वरच्या थराला 'डिफरन्स' ब्लेंड द्यावा. पान पूर्ण काळे दिसले तर दोन्ही सारखी आहेत. अक्षरांच्या कडांना बारीक पांढरी रेघ दिसली तर ती सोडून द्यावी. पण एखाद्या ओळीपासून खाली सगळा मजकूर दुहेरी दिसू लागला तर त्या ओळीत शब्द तुटण्याची जागा बदलली आहे, आणि तिथला फॉन्ट किंवा कंपोझर तपासावा लागेल. ही तपासणी पहिल्या दोन दिवसांत उरकावी, कारण त्याच यंत्रावर विंडोज १० वरच विंडोज ११ चढवली असेल तर सेटिंगमधल्या 'रिकव्हरी' तून विंडोज १० वर परत जाण्याची मुदत केवळ १० दिवसांची असते, आणि तोवर 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर जागा अडवते म्हणून कोणी पुसणार नाही याकडे लक्ष ठेवावे.