घराला रंग देताना शेड निवडीत या चुका टाळा

शेड कार्ड उघडलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: हॉलला कोणता, बेडरूमला कोणता, मुलांच्या खोलीला कोणता? गडबड इथेच सुरू होते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हॉलमधल्या सोफ्यावर बसलं की पॅसेज, स्वयंपाकघराचं दार आणि बहुतेक वेळा एका बेडरूमची भिंत एकाच नजरेत येते. प्रत्येक खोलीचा रंग सुटा पाहिला तर छान असतो, पण तिथून ते तीन-चार रंग एकदम दिसतात. शिवाय फरशी, दारं आणि ओट्याचा ग्रॅनाइट यांचे रंग घरात आधीपासून आहेतच. ते बदलणार नसाल तर निवड त्यांच्यापासून सुरू करायची. भिंतीचा नंबर त्यानंतर.

फरशी आणि दारं न पाहता शेड ठरवणं

बिल्डरने लावलेली 2 बाय 2 फुटांची आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल पांढरी वाटते, पण पांढरी नसते. तिच्यावर कोरा ए-फोर कागद ठेवून बघा. टाइल बहुधा पिवळसर दिसेल, क्वचित गुलाबीसर. अशा फरशीला निळसर राखाडी भिंत दिली की भिंत थंडगार दिसते आणि फरशी मळकट. मग कितीही पुसा, ती उजळत नाही, कारण ती मळलेलीच नसते. राखाडीच हवा असेल तर बेजकडे झुकणारा घ्या.

कोटा फरशी हिरवट-राखाडी असते. तिच्याशेजारी पीच आणि गुलाबीसर बेज खटकतात. किंचित पिवळसर पांढरा किंवा फिका राखाडी-हिरवा जमून जातो. जुन्या इमारतीत मोझॅइक टाइल असेल तर काम सोपं आहे. त्यातल्या सगळ्यात फिक्या खडीचा रंग घराच्या मुख्य शेडसाठी घ्या, गडद खडीचा एखाद्या भिंतीसाठी. कोकण-गोव्याकडच्या लाल कोब्याच्या घरात वेगळीच गंमत होते. कोब्यावर पडलेलं ऊन लाली घेऊन भिंतीच्या खालच्या भागावर येतं आणि साधा क्रीम तिथे गुलाबी दिसू लागतो. तिथे गुलाबी झाक असलेला कोणताही ऑफ-व्हाइट टाळावा.

दारांचंही तसंच. सागवानी रंगाच्या लॅमिनेटमध्ये नारिंगी छटा असते. निळा हा नारिंगीच्या समोरचा रंग, त्यामुळे अशा दाराला लागून निळी भिंत आली की दार आहे त्याहून जास्त नारिंगी दिसतं. निळ्याचा हट्टच असेल तर दारं नसलेली भिंत निवडा.

दुकानातल्या उजेडात किंवा मोबाइलवर निवड

शेड कार्डावरचा चौकोन जेमतेम बोटभर. तोच रंग चार भिंतींवर आला की भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि तो गडद, भडक वाटतो. म्हणून दोन शेडमध्ये घोळ होत असेल तर फिकी घ्या. अपवाद एकच: भरपूर ऊन येणारी खोली. तिथे फार फिके रंग दुपारी धुऊन गेल्यासारखे दिसतात.

दिवसाचा उजेडही सगळीकडे सारखा नसतो. उत्तरेच्या खिडकीतून निळसर आणि मंद उजेड येतो, पश्चिमेकडून संध्याकाळी पिवळा-तांबूस. खिडकीसमोर आंब्याचं झाड असेल तर भिंतीवर हिरवी झाक येणारच. ज्या भिंतीत खिडकी आहे ती भिंत तर स्वतःच सावलीत असते. समोरच्या भिंतीवरचा तोच रंग तिथे एक-दोन पायऱ्या गडद दिसतो. त्यामुळे खिडकीच्या भिंतीला गडद रंग देऊ नका.

रात्रीचा हिशेब दिव्यांवर. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात: आकडा मोठा तितका उजेड निळसर-पांढरा, लहान तितका पिवळा. आपल्याकडे सर्रास 6500 केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र एलईडी पट्ट्या असतात. त्यांच्याखाली राखाडी निळा पडतो आणि क्रीमची ऊब जाते. 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच क्रीम हळदीकडे झुकतो. म्हणून आधी दिवे ठरवा, मग रंग. हॉलमध्ये पांढरे आणि पॅसेजमध्ये पिवळे दिवे असतील तर एकाच डब्यातला रंग दोन ठिकाणी दोन रंगांचा दिसेल, त्यात रंगाऱ्याचा दोष नाही.

नमुना पाहायची पद्धत अशी: सगळ्यात लहान डबा आणा. 2 बाय 2 फुटांच्या पांढऱ्या कार्डबोर्डवर दोन हात मारा, कडेने दोन इंच पांढरं सोडा आणि पूर्ण वाळू द्या. मग तो बोर्ड उभा धरून स्कर्टिंगजवळ, दाराच्या चौकटीला लागून आणि कपाटाशेजारी बघा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून. थेट जुन्या भिंतीवर पट्टा मारून पाहू नका. आजूबाजूच्या जुन्या रंगामुळे डोळा फसतो.

किती शेड, आणि कोणती कुठे

650 चौरस फूट कार्पेटच्या घराला चार शेड पुरतात. हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघराला एक मुख्य शेड. बेडरूमना त्याच पट्टीतली एक पायरी गडद किंवा फिकी. एखाद-दुसऱ्या भिंतीसाठी एक ठळक रंग. आणि छताचा पांढरा. त्यात लॅमिनेटचा आणि पडद्यांचा रंग मिळवा, म्हणजे चारही पुष्कळ झाल्या हे कळेल.

वास्तूप्रमाणे दिशेगणिक वेगळा रंग हवा असा घरच्यांचा आग्रह असेल तर भांडू नका, वाटेल ते रंग घ्या, पण सगळे सारख्या फिकेपणाचे घ्या. त्यासाठी एलआरव्ही हा आकडा उपयोगी पडतो. शेड किती उजेड परत फेकते ते 0 ते 100 मध्ये सांगणारा हा आकडा अनेक कंपन्या शेडबरोबर देतात. फिका हिरवा, फिका पिवळा, फिका निळा या तिन्हींचा आकडा 65 ते 75च्या दरम्यान असेल तर घर विस्कटलेलं वाटत नाही. बिनखिडकीच्या पॅसेजला 70च्या खाली जाऊ नये.

ठळक भिंत घराला एक बास, फार तर दोन, आणि त्या एकाच जागेवरून एकदम दिसता कामा नयेत. लाल, गर्द पिवळा, नारिंगी यांची झाकण्याची ताकद कमी असते. पांढऱ्या प्रायमरवर दोन हातांत ते डागाळलेलेच राहतात. आधी राखाडी किंवा त्याच छटेचा अंडरकोट मारून घ्या, नाहीतर चार हातांची तयारी ठेवा.

रंग भलत्या ठिकाणी तोडणं

दोन रंग आतल्या कोपऱ्यात भेटले की रेघ सरळ दिसते. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर, म्हणजे कॉलमच्या कडेवर, भेटले की धक्के लागून कडेचे पोपडे उडतात आणि मागचा रंग डोकावतो. हॉल आणि पॅसेजची भिंत एकसलग असेल तर मधेच तोडू नका. मुख्य शेड पॅसेजमध्ये आत जाऊ द्या. चौकट नसलेल्या मोकळ्या दाराची आतली जाडी कोणत्या रंगाची, हे रंगारी तुम्हाला न विचारता ठरवून टाकतो. ती मुख्य शेडची ठेवायला सांगा. भिंतीवरच बसलेला बीम भिंतीच्या रंगाचा आणि खोलीच्या मधून गेलेला बीम छताच्या रंगाचा करा.

छताला ‘जो पांढरा येतो तो’ मारणं हीसुद्धा चूकच. तो निळसर निघाला तर क्रीम भिंत जुनाट, पिवळी पडल्यासारखी दिसते. भिंतीच्या छटेकडे झुकणारा पांढरा सांगा, आणि तो मॅट असू द्या. भिंतीवर शीन, म्हणजे किंचित चमक असलेलं फिनिश घेतलं तर लांबीतले (पुट्टीतले) उंचसखल भाग दिव्याच्या तिरप्या उजेडात उठून दिसतात.

डबे आणि कोड

मुख्य शेडची भिंत 1,200 चौरस फूट आणि दोन हातांना लिटरमागे 120 चौरस फूट धरलं तर 10 लिटर लागतात. तरी 11 घ्या. संपल्यावर आणलेला डबा दुसऱ्या बॅचचा असतो आणि किंचित फरक पडतोच. वेगवेगळ्या बॅचचे डबे आलेच तर सगळे एका ड्रममध्ये ओतून ढवळा. ‘शेड त्या कंपनीची, डबा या कंपनीचा’ हा सौदा टाळा, बेस, म्हणजे ज्यात रंग मिसळतात तो मूळ पेंट, वेगळा असतो. रंगाऱ्याने बादलीत अंदाजाने स्टेनर (रंगछटा देणारं द्रव्य) टाकून बनवलेली शेड तर पुन्हा कधीच जुळत नाही. शेडचा कोड, फिनिश आणि बॅच नंबर मीटरच्या डबीच्या झाकणाआड आतून चिकटवून ठेवा.

रंग झाला, पण पटत नाही

लगेच पुन्हा रंग मारायला सांगू नका. ओली भिंत आणि वाळलेली भिंत यांत फरक असतो, आणि फरशीवर अंथरलेला प्लास्टिकचा कागदही भिंतीवर उजेड फेकतो. कागद काढा, सामान जागेवर लावा, दोन-तीन दिवस जाऊ द्या. तरीही थंड वाटलं तर आधी 6500 ऐवजी 4000 केल्विनचे दिवे लावून बघा, डब्यापेक्षा स्वस्त पडतात. एकच खोली भडक वाटत असेल तर मुख्य शेड तिच्या तीन भिंतींवर आणा आणि चौथी तशीच ठेवा.

टचअपचा डाग दिसतोय? ठिगळाला ठिगळ लावू नका. ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण मारा, त्याच रोलरने आणि पाणी तेवढंच घालून. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर खालून वर चढणारा काळपट पट्टा असेल तर तो शेडचा प्रश्नच नाही, ती ओल आहे. गडद रंगाने ती चार-सहा महिने झाकली जाते आणि मग पोपडे धरते. आधी नळाची किंवा सांध्याची गळती बंद करा, जुनी लांबी खरवडून गिलावा उघडा करा, भिंत पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात ती वाळत नाही, तेव्हा हे काम दिवाळीनंतरच काढा.