कडकनाथचा संकर: जोडी कशी लावायची आणि पिलं कशी जगवायची

कडकनाथ ही काळ्या कातडीची आणि काळ्या मांसाची जात. तिची कोंबडी वर्षाला शंभराच्या आसपासच अंडी देते आणि खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, तर क्वचितच बसते. म्हणून अंडी वाढवायला तिचा ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे आरआयआर, या जास्त अंडी देणाऱ्या जातीशी संकर करतात. वाट नवी नाही. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची ‘कॅरी श्यामा’ कडकनाथच्या संकरातूनच आली आहे.

कोंबडा निवडताना नुसती काळी पिसं बघू नका. चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, पंख उचलून खालची कातडी बघा. सगळीकडे काळेपणा हवा. आणि कडकनाथची अंडी काळी असतात असं सांगून कुणी विकत असेल तर तिथून सरळ परत फिरा. ती फिकट तपकिरीच असतात.

कोंबडा कडकनाथचा, कोंबडी आरआयआरची. ‘कसंही लावा, पिलं सारखीच’ हा सल्ला चुकीचा आहे. कातडी काळी करणारा गुण प्रबळ आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसतो, पण आरआयआरमध्ये तो काळेपणा दाबणारा दुसरा गुण असतो आणि तो लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला असतो. मादी पिलाला ते गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं. बाप कडकनाथ असेल तर माद्या काळ्या कातडीच्या आणि नर फिकट निघतात. जोडी उलटी लावली की दाबणारा गुण बापाकडून सगळ्याच पिलांत उतरतो आणि सगळी फिकट होतात. बेटसन आणि पनेट या आनुवंशिकी शास्त्रज्ञांनी हाच प्रकार सिल्की आणि ब्राउन लेगहॉर्न या जातींच्या संकरात पाहून 1911 साली मांडला होता. मात्र पहिल्याच दिवशी नर-मादी ठरवायला बसू नका. पिलं वाढतात तसा फरक उघडा पडत जातो.

आरआयआरऐवजी गावरान कोंबडी घ्यायची असेल तर तिचे पाय बघा. पाय काळपट, पाटीच्या रंगाचे असतील तर नर-माद्या दोन्ही काळ्या येण्याचा संभव जास्त. पिवळे किंवा पांढरे असतील तर निकाल आरआयआरसारखा.

आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. आधीचा कोंबडा काढल्यावर तीन आठवड्यांची अंडी घरात खायला वापरा, कारण कोंबडीच्या पोटात जुन्या कोंबड्याचं बीज तेवढे दिवस टिकतं.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. टोकदार बाजू खाली ठेवून थंड जागी साठवा. गावरान खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात. अंडी उबवायचं पंख्याचं यंत्र असेल तर 37.5 अंश, आर्द्रता 50 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करा. एकविसाव्या दिवशी पिलं.

खरी परीक्षा इथून पुढे. पिलं मरतात ती बहुतेक पहिल्या दहा दिवसांत, आणि कारण बहुधा एकच असतं, ऊब चुकलेली. पन्नास पिलांना चार फूट व्यासाचं, दीड फूट उंच गोल कडं करा. चौकोनी खोकं नको, कोपऱ्यात पिलं एकावर एक चढून गुदमरतात. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच, त्यावर गोणपाट. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरून मांड्या फाकतात आणि ते पिलू पुन्हा नीट उभं राहणं कठीण.

बल्ब पिवळा, तारेचा घ्या. एलईडीचा उजेड पडतो, पण ऊब नाही. एका पिलाला एक ते दोन वॅट धरा आणि एका मोठ्या बल्बाऐवजी 60 वॅटचे दोन लावा, म्हणजे एक उडाला तरी रात्र निभते. पिलं येण्याआधी पाच-सहा तास दिवे चालू ठेवा, तूसही गरम व्हायला हवं. पिलाच्या पाठीच्या उंचीवर पहिला आठवडा 35 अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी.

तरीही तापमापकावर पूर्ण विसंबू नका, पिलांकडे बघा. दिव्याखाली गोळा होऊन जोरात चिवचिवाट चालला असेल तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला चोच उघडून, पंख सोडून बसली असतील तर उकडतंय, बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. पिलू उचलून त्याचे पाय गालाला लावून बघा. गार लागले की ऊब कमी पडते आहे, मापक काहीही सांगो. झोपायच्या आधी आणि पहाटे चारच्या सुमारास एकदा हे बघाच, थंडी तेव्हाच बोचते.

वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. तिच्या धुराने पिलंही जातात आणि माणूसही.

पहिले काही तास गूळपाणी आणि मक्याचा बारीक भरडा, मग 20-21 टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिलांचं खाद्य. आठ तासांनी गळ्याखालची पोटळी चाचपून पहा. ती भरलेली आणि मऊ हवी. कोरडी टणक लागली तर पिलाला पाणी मिळालेलं नाही. शेपटीखाली विष्ठा चिकटून छिद्र बंद झालं असेल तर कोमट पाण्याने धुवा, ओढून काढू नका.

पाण्याची भांडी विटेवर ठेवा. तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण आलीच. रक्ताळलेली विष्ठा दिसली की त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.

लस: मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस पाच ते सात दिवसांदरम्यान, गम्बोरो रोगाची चौदाव्या दिवशी, लासोटा पुन्हा अठ्ठाविसाव्या, देवीची सहाव्या-सातव्या आठवड्यात. लस बर्फातच न्या.

संकराच्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर आल्या की त्यांनाच पुढची जोडी लावायचा मोह होतो. करू नका. पुढच्या पिढीत रंग आणि अंडी दोन्ही विस्कटतात. शुद्ध कडकनाथचा कळप वेगळा जपा आणि संकर दर वेळी नव्याने करा. काळी तलंग ‘कडकनाथ’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते शुद्ध जातीसाठी. गिऱ्हाइकाला संकर असल्याचं सांगूनच द्या.