रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४८० सुरू होत नसेल तर काय तपासावे

कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेले लॅपटॉप दुरुस्त करून पुन्हा विकले जातात. त्यांत लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० विद्यार्थ्यांना मी नेहमी सुचवतो, कारण २०१८ साली आलेले हे यंत्र अजून पुरेसे वेगवान आहे आणि साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडता येते. मात्र कुरिअरने आलेला किंवा काही महिने नीट चाललेला असा लॅपटॉप एके दिवशी सुरूच होत नाही, तेव्हा बहुतेक जण लगेच ‘मदरबोर्ड गेला’ असे धरून चालतात. माझा अनुभव वेगळा आहे. विक्रीपूर्वी ज्या ठिकाणी कोणाचा तरी हात लागलेला असतो, म्हणजे बॅटरी, रॅम (तात्पुरती स्मृती), एसएसडी (विंडोज आणि फायली साठवणारी ड्राइव्ह) आणि बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीची) सेटिंग, तिथेच दोष असण्याची शक्यता अधिक असते, आणि यांपैकी बरेच दोष घरी दूर करता येतात. विक्रेत्याची वॉरंटी अजून चालू असेल आणि झाकणावर त्याचे सील असेल, तर मात्र आधी व्हिडिओ काढून त्याला कळवावे. सील तुटल्यावर वॉरंटीचा वाद घालणे कठीण जाते.

झाकण उघडण्यापूर्वी यंत्र नेमके कुठे अडते ते ओळखावे. बटण दाबल्यावर दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, ही एक स्थिती. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते, ही दुसरी. लोगो दिसतो आणि त्यापुढे विंडोज येत नाही, ही तिसरी. तिन्हींची कारणे इतकी वेगळी आहेत की हा भेद न करता केलेली खटपट वाया जाते.

पहिल्या स्थितीत चार्जरपासून सुरुवात करावी. चार्जर जोडताच टी४८०च्या पॉवर बटणाचा दिवा तीनदा लुकलुकतो. तसे झाले तर वीज आतपर्यंत पोहोचते आहे, एवढे निश्चित होते. दिवा लुकलुकला नाही, तर आधी भिंतीवरचा सॉकेट बदलून पाहावा आणि मग चार्जरवरची अक्षरे नीट वाचावीत. या लॅपटॉपला टाइप-सी पॉवर डिलिव्हरी पद्धतीने २० व्होल्ट देणारा, ४५ किंवा ६५ वॅटचा चार्जर लागतो. मोबाइलबरोबर आलेल्या चार्जरवर ६७ किंवा ८० वॅट असा आकडा दिसला, तरी ती क्षमता अनेकदा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीपुरतीच असते आणि लॅपटॉपला त्यातून २० व्होल्ट मिळत नाहीत. जुन्या गोल पिनच्या चार्जरप्रमाणे टाइप-सीच्या टोकावर मल्टिमीटर लावून काही कळत नाही, कारण यंत्राशी बोलणी झाल्याशिवाय चार्जर पूर्ण व्होल्टेज सोडतच नाही. त्यासाठी मध्ये जोडायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो, किंवा ओळखीच्या कोणाचा चालू स्थितीतला चार्जर लावून पाहणे सर्वांत सोपे.

टी४८०च्या डाव्या बाजूला दोन टाइप-सी पोर्ट आहेत आणि दोन्हींवरून चार्जिंग होते, हे अनेकांना ठाऊक नसते. एकावर प्रतिसाद नसेल, तर दुसरा अवश्य वापरून पाहावा. वर्षानुवर्षे चार्जर घालून-काढून पोर्ट ढिला होतोच, शिवाय या काळातल्या काही थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या (टाइप-सी पोर्टवरून चालणाऱ्या वेगवान जोडणीच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमध्ये साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये, दोष होता, ज्यामुळे टाइप-सी पोर्ट आणि चार्जिंग बंद पडू शकत असे. लेनोव्होने त्यासाठी सुधारित फर्मवेअर दिलेले आहे. लॅपटॉप सुरू झाला की ते अद्ययावत आहे का, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे, कारण पुढे ढकललेले हे काम नंतर महागात पडू शकते.

चार्जर ठीक असेल, तर अडकून पडलेली वीज काढून टाकावी. चार्जर आणि मागची निघणारी बॅटरी बाजूला करावी. तरीही आतमध्ये दुसरी बॅटरी असते, म्हणून तळाला असलेल्या बारीक रीसेटच्या छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबावी, त्यानंतर केवळ चार्जर जोडून बटण दाबावे. गोदामात बराच काळ पडून राहिलेल्या यंत्राची बॅटरी पूर्ण उतरलेली असते. अशा वेळी अर्धा तास चार्जरवर ठेवून मग पुन्हा प्रयत्न करावा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा तळ फुगलेला असेल, तर मात्र इथेच थांबावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. ती जाणकाराकडून काढून घ्यावी आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्यावी.

दुसऱ्या स्थितीत, म्हणजे पंखा फिरतो पण स्क्रीन काळी असते तेव्हा, अंधारात स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहावा. अंधुक चित्र दिसले तर दोष बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या प्रकाशाचा, किंवा त्याच्या केबलचा. एचडीएमआयने टीव्ही जोडून तिथे चित्र येते का, तेही पाहावे. दोन्हीकडे काहीच नसेल, तर संशय रॅमवर जातो. माझ्याकडे आलेल्या एका टी४८०मध्ये विक्रेत्याने मूळ ८ जीबीच्या जोडीला वेगळ्या कंपनीची ८ जीबी रॅम घातली होती. ती काढताच यंत्र सुरू झाले, आणि तोपर्यंत त्या मुलीने नवा लॅपटॉप घेण्यासाठी पैसे जमवायला सुरुवातही केली होती.

रॅम तपासताना चार्जर आणि मागची बॅटरी काढून, तळाचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी आतल्या बॅटरीची जोडणी सोडवावी. दोन्ही बाजूंच्या पकडी किंचित बाहेर ओढल्या की रॅम आपोआप तिरकी वर येते. दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. तो साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून काढावा आणि चुरा मऊ ब्रशने झटकावा. मग एकच रॅम एका स्लॉटमध्ये, नंतर दुसऱ्या स्लॉटमध्ये, पुढे दुसरी रॅम त्याच क्रमाने, असे करून पाहावे. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही काळ काळी राहू शकते, म्हणून लगेच बटण दाबून बंद करू नये.

लोगो येऊन पुढे अडत असेल, तर संदेश नीट वाचावा. ‘०२७१’ किंवा ‘०२५१’ असा आकडा आला तर घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी उतरलेली असते. ती सीआर२०३२ जातीची, पण वायर आणि जोडणीसह असते. ‘२१००’ आला तर एसएसडीची जोडणी किंवा तिची केबल पुन्हा नीट बसवावी. बूट करण्याजोगे, म्हणजे ज्यावरून यंत्र सुरू होईल असे, काही सापडत नाही असा संदेश असेल, तर एफ१ दाबून बायोसमध्ये जावे आणि स्टार्टअप विभागातील ‘यूईएफआय/लेगसी बूट’ (यंत्र सुरू करण्याची नवी की जुनी पद्धत) पाहावे. विक्रेत्याने जुन्या लेगसी पद्धतीने विंडोज घातलेले असेल आणि कोणी सेटिंग मूळ स्थितीला नेले असेल, तर एसएसडी शाबूत असूनही ती बूट होत नाही. तिथे ‘बोथ’ हा पर्याय निवडून पाहावा.

विंडोजचा लोगो येऊन यंत्र अडत असेल, तर बटण दाबून धरून ते दोन-तीन वेळा बंद केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो आणि त्यातील ‘स्टार्टअप रिपेअर’ वापरता येतो. मात्र महत्त्वाच्या फायली आत असतील, तर उबुंटूच्या (मोफत लिनक्स प्रणालीच्या) पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून आधी त्या बाहेर काढाव्यात. बिटलॉकरची (विंडोजमधील डेटाच्या कुलपाची) ४८ अंकी किल्ली मागितली, तर ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधावी. बायोसचा सुपरवायझर पासवर्ड मागितला आणि तो आपण ठेवलेला नसेल, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नये. तो घड्याळाची बॅटरी काढून जात नाही. लेनोव्होच्या सूचनेनुसार त्यावर मदरबोर्ड बदलणे हाच उपाय आहे, म्हणून असा लॅपटॉप विक्रेत्याला परतच करावा.

इतके करूनही दिवा लागत नसेल, तर बोर्डवरचे घटक तपासणारा कारागीर शोधावा आणि त्याला कोणता चार्जर लावला, कोणत्या पोर्टवर, एकेक रॅमने काय झाले, हे लिहूनच द्यावे. त्यामुळे त्याचा वेळ वाचतो, आणि चालू असलेला भाग बदलून त्याचे पैसे लावले जाण्याची शक्यताही कमी होते.