टाळूचा वास कसा जपावा

थोरल्याचं एक झबलं मी आठ वर्षं जपून ठेवलं होतं. पिवळं, बंदांचं. धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात ते बाहेर काढलं, नाकाशी नेलं, तर नुसता कपडे धुण्याच्या पावडरीचा वास आला. झबलं जसंच्या तसं होतं, पण माझं बाळ त्यात कुठेच नव्हतं. ते मांडीवर घेऊन खूप रडले. धाकटी आता दहा महिन्यांची आहे. तिच्या वेळी जे जमलं, ते ज्यांचं बाळ अजून एका हातावर मावतं त्यांच्यासाठी लिहिते.

आधी बाकीचे वास दूर करा. थोरल्याला मी सुगंधी साबण, सुगंधी पावडर सगळं लावलं, म्हणून आज त्याचं बाळपण आठवताना मला डबा आठवतो. टाल्कम पावडरीचे बारीक कण बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाऊ शकतात, त्यामुळे ती तशीही नकोच. कपडे बिनवासाच्या साबणाने धुवा. तुम्हीही सेंट लावू नका. बाळ तुम्हाला वासावरूनच ओळखत असतं. आईच्या दुधाचा वास असलेल्या कापडाकडे काही दिवसांचं बाळसुद्धा तोंड वळवतं.

बाळंतपणाच्या आधीच दवाखान्यात एक गोष्ट बोलून ठेवा. जन्मतः बाळाच्या अंगावर पांढरा, मेणासारखा थर असतो, त्याला वर्निक्स म्हणतात. तो खरवडून काढू नका म्हणावं. पहिली अंघोळ किमान 24 तासांनी घालावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. थोरला माझ्या हातात आला तो धुऊनपुसूनच. धाकटीला तशीच छातीवर घेतली, आणि तो ओला, उबदार, किंचित गोडसर वास मी पहिल्यांदा घेतला.

आता वास घ्यायचा कसा. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावतं, म्हणून दिवसभर बाळाला कवटाळून बसलेल्या आईलाच तो सगळ्यात कमी जाणवतो. जरा बाहेर जाऊन या, मोकळ्या हवेत चार श्वास घ्या, हात धुवा आणि मग बाळाजवळ जा. एकच लांब श्वास ओढू नका. छोटे छोटे, फुलाजवळ घेतो तसे घ्या. बाळ नुकतं झोपेतून उठलेलं असेल तर उत्तम, कारण उबेने वास वर येतो. टाळूपासून सुरुवात करा, मग जावळातून कानामागे या. कानामागचा वास टाळूपेक्षा दाट असतो. मानेच्या घड्यांत दूध उतरून आंबतं. मला तोही आवडतो, पण तिथली कातडी लाल होते, तेव्हा वास घेऊन झाला की ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडी करा. आणि मूठ उघडून तळहात हुंगा. घट्ट मिटलेल्या मुठीत घाम आणि दुपट्याचे धागे यांचा मिळून एक वेगळाच वास असतो.

हे माझं एकटीचं वेड आहे असं मला वाटायचं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 नव्या आयांना आणि मूल नसलेल्या 15 बायकांना दोन दिवसांच्या, अनोळखी बाळांच्या कपड्यांचा वास दिला होता. भूक भागल्यावर मेंदूचा जो भाग सुखावतो, तो आयांमध्ये जास्त जागा झाला. आणि बाळं त्यांची नव्हतीच!

बाळ काचेच्या पेटीत असेल तर नर्सना विचारा. बऱ्याच ठिकाणी एक लहान कापड बाळाजवळ आणि एक आईजवळ ठेवून अदलाबदल करू देतात. आणि एखादीला या वासाने काहीच होत नसेल, तर ती वाईट आई नाही. मात्र दोन आठवड्यांनंतरही मन उदासच राहिलं तर डॉक्टरांशी बोला.

वास एकदम बदलला तर दुर्लक्ष नको. नाळेच्या देठाला घाण वास, लघवीला जळक्या साखरेसारखा किंवा कुबट वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

झबलं ठेवायचं असेल तर एक रात्र अंगात घातलेलं, न धुतलेलं, पण दुधाने न भिजलेलं निवडा. पूर्ण कोरडं असू द्या, नाहीतर बुरशी येते. प्लास्टिकच्या पिशवीला स्वतःचा वास असतो, म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या आणि अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. उघडाल तेवढा वास उडेल. मी सहा महिन्यांतून एकदाच उघडते. कातडीवरचं तेल हवेने बदलत जातं, त्यामुळे बरणीतला वासही कधीतरी विरणारच.

म्हणून वहीही हवी. वास घेतल्याबरोबर, बाळाला खाली ठेवायच्या आत, तारीख आणि एक ओळ. ‘छान’, ‘गोड’ असलं लिहू नका, कशासारखा ते लिहा. माझ्या वहीत आहे: दिवस 9, कोमट दूध आणि नवा कागद. दिवस 41, पावसाआधीची माती, पण अगदी थोडी. दिवस 188, वरचं खाणं सुरू, श्वासाचा वास बदलला. त्या दिवशी पान अर्धं कोरं आहे, पुढे लिहवलंच नाही. परवा, दिवस 300: टाळूला आता फक्त केसांचा वास. मानेच्या डाव्या घडीत अजून थोडं दूध आहे.