लाकूड पोखरणाऱ्या किडींवरील परजीवी गांधीलमाश्या कशा ओळखाव्यात

आंब्याच्या वठलेल्या फांदीवर किंवा जळाऊ लाकडाच्या ढिगावर शेपटीला लांब सुई असलेली गांधीलमाशी फिरताना दिसली की ती भिरुडाच्या, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या, अळीवर टपलेली असावी, असे सहसा धरून चालले जाते. पुष्कळदा ते बरोबरही असते. परंतु भुंगेऱ्यांनी सोडलेल्या जुन्या भोकांत एकांडी राहणाऱ्या मधमाश्या घरटी करतात आणि त्या घरट्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्याही त्याच खोडाभोवती घिरट्या घालत असतात. त्यामुळे केवळ जागेवरून किंवा रंगावरून निष्कर्ष काढू नये. शरीराची रचना पाहून आधी कुळ निश्चित करावे. छायाचित्र पाहून थेट प्रजातीचे नाव देण्याचा मोह मला धोक्याचा वाटतो, कारण आपल्याकडच्या अनेक प्रजातींचे वर्णन अजून झालेले नाही.

निरीक्षणासाठी नुकतेच वाळू लागलेले, सालीतून ताजा भुसा गळत असलेले झाड निवडावे आणि ऊन चढल्यावर खोडाची उन्हाची बाजू पाहावी. मादी शृंगिकांनी, म्हणजे डोक्यावरच्या मिशांनी, साल चाचपत पुढे सरकते, एका ठिकाणी थबकते, पोट उंच उचलते आणि सुई लाकडात घालू लागते. एकच दिसणारी ही सुई प्रत्यक्षात अंडी घालण्याची बारीक नळी आणि तिला दोन्ही बाजूंनी झाकणाऱ्या दोन म्याना अशी असते. मेलेल्या नमुन्यात त्या सुट्या होऊन तीन धागे दिसतात, त्याने गोंधळून जाऊ नये. नळी लाकडात असताना मादीला ओढल्यास नळी तुटते, म्हणून तेवढा वेळ केवळ छायाचित्रे घ्यावीत: एक बाजूने, एक वरून, एक चेहऱ्याचे आणि एक पंखांच्या शिरा स्पष्ट दिसतील असे. नराला ही नळी नसते, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वप्रथम पोट छातीला कोठे जोडलेले आहे ते पाहावे. ते मागच्या पायांच्या बुडापासून बरेच वर, जवळजवळ पाठीवरून निघाल्यासारखे दिसत असेल, तर दोन कुळांचा विचार करावा लागतो. मान लांब व बारीक आणि मागच्या पायाची नडगी फुगीर असेल, तर ती गॅस्टेरुप्टिइडी कुळातील, म्हणजे मधमाश्यांच्या घरट्यांवर जगणारी होय. तशी मान आणि तसे पाय नसतील व मादीच्या मागच्या पायाच्या बुडाशी आतल्या बाजूने खाच असेल, तर ती ऑलॅसिडी कुळातील असण्याची शक्यता अधिक. या कुळातील गांधीलमाश्या मात्र लाकडातील अळ्यांवरच वाढतात.

जोड नेहमीच्या जागी असेल, तर भिंगातून डोके पाहावे. गोल डोक्यावर, मधल्या साध्या (ठिपक्यासारख्या बारीक) डोळ्याभोवती, छोट्या उंचवट्यांचे कडे दिसले की ती स्टेफॅनिडी कुळातील होय. हे उंचवटे बहुधा पाच असतात. हे माझ्या विशेष आवडीचे कुळ आहे, कारण एकदा हे कडे पाहिले की ओळख चुकत नाही. मान लांब, शरीर सडपातळ, मागची मांडी फुगीर आणि तिच्या खालच्या कडेला दाते, अशी त्याची इतर लक्षणे आहेत. लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांच्या आणि चकचकीत रत्नभुंगेऱ्यांच्या अळ्या हे त्यांचे मुख्य यजमान (ज्यांच्यावर परजीवी वाढतो ते कीटक) असून, लाकडात दडलेल्या अळीची कंपने मादी मागच्या पायांनी टिपत असावी, असे मानले जाते.

डोके साधे आणि शृंगिका लांब, अनेक पेरांच्या असतील, तर पुढच्या पंखाकडे वळावे. पंखाच्या मध्यापासून मागच्या कडेच्या दिशेने जाणाऱ्या आडव्या शिरा दोन असतील, तर बहुधा इक्न्युमोनिडी आणि एकच असेल, तर ब्रॅकोनिडी. अपवाद असल्यामुळे आणखी एक खूण तपासावी: ब्रॅकोनिडीत पोटाच्या दुसऱ्या व तिसऱ्या खंडांचे वरचे कवच सांधलेले असते आणि तेथे पोट वाकत नाही. लाकडातील अळ्यांवर जगणाऱ्या ब्रॅकोनिडींपैकी पुष्कळांच्या जबड्यांच्या वर एक गोलसर पोकळी दिसते. तांबडे शरीर आणि काळपट पंख ही जोडी आपल्याकडे फार आढळते, पण ती एकाच गटाची नसल्याने तिच्यावर विसंबू नये.

घरातील किडक्या लाकडी सामानातून मुंगीसारखे, बिनपंखी, काही मिलिमीटर लांबीचे कीटक निघून डंख मारत असतील, तर ती बेथिलिडी कुळातील स्क्लेरोडर्मस वंशाची मादी असू शकते. मुंगीची शृंगिका कोपरासारखी मोडलेली असते आणि कंबरेवर गाठ असते. येथे दोन्ही नसतात. ही मादी अळीला डंखाने लुळी करून तिच्यावर अनेक अंडी घालते आणि पिल्लांजवळच थांबते.

यजमान कोण हे समजण्यासाठी किडलेल्या फांदीचे तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावेत, सर्व फटी चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एका बाजूला भोक पाडून त्यात पारदर्शक कुपी उलटी बसवावी. बाहेर पडणारे कीटक उजेडाकडे येऊन कुपीत जमतात. लाकूड वनक्षेत्रातले असेल, तर आधी वन विभागाची परवानगी घ्यावी. मात्र एका फांदीत अनेक प्रकारचे भुंगेरे असू शकतात, म्हणून गांधीलमाशी निघाल्यावर लाकूड चिरून तिचा रिकामा कोष शोधावा. अनेकदा त्याच्याशेजारी खाल्लेल्या अळीच्या डोक्याचे कठीण कवच सापडते आणि खरा पुरावा तोच असतो. कवच, कोष आणि गांधीलमाशी एकाच कुपीत अल्कोहोलमध्ये ठेवून झाडाचे नाव, ठिकाण, लाकूड आणल्याची व कीटक निघाल्याची तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी. कवच सापडले नसेल, तर यजमानाच्या जागी ‘अनिश्चित’ असेच लिहावे.