धाब्याच्या घरात खोलीला जोडून संडास-बाथरूम

खानदेशातील जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांत माजघरालगत धान्य साठवण्याची एक अंधारी खोली असते आणि आता ती बहुधा रिकाम्या कणग्या सांभाळत पडून राहते. आतून चार फूट रुंद व सात फूट लांब जागा मिळत असेल, तर तिथे संडास-बाथरूम करता येते आणि म्हाताऱ्या माणसांचे रात्री-अपरात्री परसात जाणे टळते. आम्ही ते आजीसाठी केले.

पाणी बाहेर कोठून जाणार, हे सर्वांत आधी ठरवावे. कमोड बाहेरच्या भिंतीलगत ठेवून ११० मिलिमीटरचा पाइप शक्यतो सरळ चेंबरपर्यंत न्यावा आणि दर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्यावा. आपली काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाइप वाळूच्या थरावर ठेवून चर वाळूनेच भरावा. आम्ही तो थेट मातीत टाकला आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर सांधा निसटून सगळा चर पुन्हा उकरावा लागला.

खरी काळजी मातीच्या भिंतीची घ्यावी. ती पाणी शोषते, खालून खचू लागते आणि तिच्यावर तर धाब्याचे सगळे ओझे असते. म्हणून तिच्यावर टाइल्स न लावता, दोन इंच अंतर सोडून आतून विटांची चार इंची स्वतंत्र भिंत काँक्रीटच्या पायावर उभारावी व ही फट वरून उघडी ठेवावी. फरशी खोलीपेक्षा इंचभर खाली घ्यावी. वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवावे, नहाणी ट्रॅप (फरशीतले पाणी जाण्याचे तोंड) बंद करून पाणी साठवावे, पातळीवर पेन्सिलची रेघ मारावी आणि ४८ तासांनी पाहावे. रेघेखाली बरेच पाणी उतरले किंवा मातीच्या भिंतीला ओल दिसली, तर टाइल्सचे काम थांबवावे.

व्हेंट पाइप (दुर्गंधी बाहेर सोडणारा पाइप) धाबे न फोडता बाहेरच्या भिंतीवरून वर न्यावा. पाण्याची टाकी धाब्यावर चढवू नये, परसात स्टँडवर ठेवावी. गिझरला अर्थिंग व ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. आधाराचा दांडा मातीच्या भिंतीत टिकत नाही, विटांच्या भिंतीत बसतो. त्याची उंची ठरवण्यासाठी आम्ही आजीला कमोडवर बसवले आणि उठताना तिचा हात जिथे टेकला, तिथे मिस्त्रीने खूण केली.