गॅसगळतीचा भडका कसा होतो आणि तो कसा टाळावा

काडी ओढून बर्नरजवळ नेली की 'भप्प' असा आवाज होऊन निळी ज्योत कडेने फिरते. हेच लहानसे डिफ्लॅग्रेशन होय. यात जळणारा थर शेजारच्या थराला तापवून पेटवतो आणि ज्योत ध्वनीपेक्षा कमी वेगाने पुढे सरकते. वेग कमी म्हणून धोका कमी, असे मात्र मुळीच समजू नये, कारण बंद खोलीत तापलेल्या वायूंना फुगायला जागा मिळत नाही आणि वाढलेला दाब दारे, खिडक्या, प्रसंगी भिंतीही उडवतो.

एलपीजी हवेत साधारण 2 ते 9 टक्के असताना पेट घेतो आणि हवेपेक्षा जड असल्याने ओट्याखाली, जमिनीलगत साचतो. म्हणून वास येताच कोणतेही बटण दाबू नये. चालू दिवा बंद करतानाही ठिणगी पडू शकते. देवघरातले निरांजन विझवावे, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि घराबाहेर आल्यावरच 1906 या क्रमांकावर फोन करावा.

पिठाच्या गिरणीतली किंवा साखर कारखान्यातली बारीक धूळही अशीच भडकते; तुळयांवर साचलेली ती धूळ झटकून हवेत उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून काढावी.